आत्याचा इंग्रजीचा नेम

"शिऱ्या रोज एक इंग्रजी उतारा वाचंल, मला समजावून सांगंल, तेव्हाच मी जेवीन. तोवर अन्नाला शिवणार न्हाई. अख्खा चातुर्मास."

आषाढी एकादशीची संध्याकाळ होती. देवघरापुढं आम्ही चौघं बसलो होतो आणि आत्यानं हात जोडून हे सरळ देवालाच सांगून टाकलं. आईच्या हातातली फुलवात निरांजनाबाहेर पडली. आण्णा, म्हणजे माझे वडील, उपासाचा खजूर चघळत होते, ते चघळायचे थांबले. आणि मी? मी देवाकडं बघितलं. म्हटलं, तू तरी नाही म्हण.

तसं चातुर्मासाला आत्या दरवर्षी काहीतरी नेम करायचीच. एका वर्षी वांगं सोडलं, एका वर्षी कांदा-लसूण, एका वर्षी केळीच्या पानाशिवाय जेवायचं नाही असं ठरवलं आणि आण्णांना पानं शोधत गावभर फिरवलं. पण आजवर तिच्या नेमात माझं नाव कधी आलं नव्हतं.

"आक्का, अगं त्याचं इंग्रजी आणि तुझं पोट, ह्याचा काय संबंध?" आण्णा म्हणाले.

"हाय की. पोरगं स्वतःसाठी वाचत न्हाई. माझ्या पोटासाठी तरी वाचंल."

"आणि न्हाई वाचलं तर?"

"तर बसंन उपाशी. मला काय सवय न्हाई व्हय?"

आण्णांनी शेवटचा बाण काढला. "ह्या वर्षी अधिक हाय. भाद्रपद दोन आल्यात. चार न्हाई, पाच महिने निघतील."

"म्हाईत हाय मला. पंचांग तुझ्याआधी मी बघितलंय," आत्या म्हणाली आणि उठून तुळशीला दिवा लावायला गेली. संपला विषय.

ही नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. विट्यात आमचं बांगड्यांचं दुकान. पुढं दुकान, मागं घर. यमुनाआत्या आण्णांची थोरली बहीण. लग्नानंतर सहाव्या वर्षी नवरा गेला, आणि ती माहेरी परत आली ती कायमची. तेव्हापासून दुकानात बसायची. लग्नाचा चुडा भरायचा असला की आई पुढं व्हायची, रोजच्या गिऱ्हाइकाला आत्या. पण हात बघून माप सांगावं तर तिनंच. बाई उंबऱ्यात असतानाच आत्या बरोबर मापाचा डबा खाली काढायची.

मी इंजिनिअर होऊन वीस किलोमीटरवरच्या साखर कारखान्यात उमेदवारी करत होतो. डोक्यात मात्र एमबीएचं वेड. मोठ्या संस्थेत जायचं तर प्रवेश परीक्षा द्यायची, आणि त्या परीक्षेत इंग्रजीचा स्वतंत्र भाग. गणितात कितीही मिळवा, इंग्रजीत ठरलेल्या रेषेच्या खाली राहिलात की चला घरी. मागच्या वर्षी माझं नेमकं तेच झालं होतं. गणितात सणसणीत गुण आणि इंग्रजीत पार भुईसपाट. आण्णांनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं, "अजून एक वर्ष. न्हाई झालं तर कारखान्यात कायम व्हायचं. पाच वर्षांच्या करारावर सही करायची आणि गप नोकरी करायची." त्यांचं चूक नव्हतं. माझ्यापाशी एकच वर्ष उरलं होतं, आणि अभ्यास म्हणजे जुन्या गाइडातल्या अवघड शब्दांखाली लाल पेन्सिलीनं रेघा मारणं, एवढाच चालला होता. रेघा मात्र अगदी सरळ यायच्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला आत्यानं मला हलवून उठवलं. तिची अंघोळ झालेली, पाट मांडलेला. माझी एसटी सात दहाची. मी डोळे चोळत गाइड उघडलं आणि देवमाशांवरचा उतारा एका दमात वाचून टाकला. आत्यानं पोथी ऐकताना जोडतात तसे हात जोडले होते.

"झालं," मी म्हटलं.

"वाचून झालं. आता सांग."

"सांगतो की. देवमासे असतात. समुद्रात."

"ते मलाबी म्हाईत हाय. पुढं?"

"ते गातात."

"कुणासाठी?"

मी उताऱ्यात बघितलं. चार शब्दांखाली रेघा मारल्या होत्या. चारींचे अर्थ मला पाठ होते. पण देवमासे कुणासाठी गातात आणि हा बाबा ते आपल्याला कशासाठी सांगतोय, ह्याचा मला काडीचा पत्ता नव्हता. मी काहीतरी गुळमुळीत बोललो. आत्यानं ऐकून घेतलं.

"शिऱ्या, तुला कळलंय का रं?"

"कळलंय की."

"मग मला का कळंना?"

घड्याळात सहा पस्तीस. आता हिला कळलं नाही तर ही दिवसभर उपाशी राहणार, आणि आई संध्याकाळी माझी हजेरी घेणार. मी उतारा पुन्हा वाचला. मग पुन्हा. आणि त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा तोंडातून निघून गेलं, "आत्या, मला नाही कळलं गं."

"आत्ता कसं बोललास!" आत्या खूश झाली. "चल, एकेक ओळ घे. दोघं मिळून बघू."

सात दहाची एसटी चुकली. मी आठच्या गाडीनं गेलो, साहेबांच्या शिव्या खाल्ल्या. आत्या मात्र पोटभर जेवली म्हणे.

पुढचे दोन महिने आमच्या घरात जे चाललं त्याला अभ्यास म्हणावं की कीर्तन, मला अजून ठरवता आलेलं नाही. आत्याला प्रत्येक उताऱ्यात पुढं काय झालं ते हवं असायचं. उतारे तर मधूनच कापलेले. "ही कसली पोथी? अध्याय अर्ध्यात सोडून उठला!" म्हणून ती लेखकावर चिडायची. एका गरीब चित्रकारावरचा उतारा होता, तर म्हणाली, "खायला न्हाई म्हणतोय, मग रंग कुठनं आणला? उधारी दिली असंल तर दुकानदाराचं नाव का न्हाई?" मुंग्यांवरचा उतारा तिला इतका आवडला की तो तिनं दुकानात बांगड्या भरताना पाच-सहा बायकांना सांगितला. त्यातली एक बाई दुसऱ्या दिवशी नुसत्या मुंग्यांचं उरलेलं ऐकायला आली आणि जाता जाता डझनभर बांगड्या भरून गेली. तेव्हापासून आण्णांचा विरोध जरा मावळला.

"काय म्हणतोय तो?" हा आत्याचा ठरलेला प्रश्न. आणि माझं ठरलेलं उत्तर, "तो म्हणतोय की..." इथं मी अडकायचो. कारण लेखक पहिल्या परिच्छेदात एक म्हणायचा, दुसऱ्यात दुसरं, आणि तिसऱ्यात 'तरीही' म्हणून तिसरीकडंच निघायचा.

"अरे, त्याच्या तोंडाकडं काय बघतोस?" आत्या एकदा म्हणाली. "गिऱ्हाईक येतं, म्हणतं साध्या दाखवा हो, रोजच्या. मी साध्या काढते. ती साध्यांना चांगलं म्हणती, पण हात कुठं जातो? कपाटातल्या जरीच्या बांगड्यांकडं. तू हात बघ. लेखकाचा हात कुठं जातोय?"

मला तेव्हा हे ऐकायला छान वाटलं, पण पटलं नव्हतं. मनात म्हटलं, बांगड्या वेगळ्या आणि परीक्षा वेगळी. पटलं ते दुसऱ्या भाद्रपदात, आणि त्याचं असं झालं.

कारखान्यातल्या एका मित्राचं लग्न ठरलं होतं. आम्ही पोरांनी एका रात्री त्याच्याकडून जेवण उकळलं, घरी यायला उशीर झाला, आणि सकाळी आत्यानं उठवलं तेव्हा साडेसहा होऊन गेले होते. डोकं जड. गाइड उघडलं तर समोर तत्त्वज्ञानावरचा उतारा, मुंगीएवढी अक्षरं. मी पुस्तक आत्यासमोर धरलं आणि डोळे पानावर ठेवून इंग्रजीसारखं काहीबाही पुटपुटलो. मग सांगायला लागलो.

"हॉलंड नावाचा देश आहे आत्या. तिथल्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन दूध डेअरी काढली. सगळ्यांनी गाई पाळल्या. दूध वाढलं, सगळे सुखी झाले. सरकारनंही मदत केली."

"मग?"

"मग काय, झाली भरभराट."

"बरं," आत्या म्हणाली. हात जोडले, उठली. मी पळत एसटी गाठली आणि वाटेत स्वतःची पाठ थोपटून घेतली. आपण आता उतारे रचायलासुद्धा लागलो!

संध्याकाळी घरी आलो तर आई दारातच उभी. "आत्या जेवली न्हाई आज."

"का? उतारा तर झाला सकाळी."

"तिलाच विचार."

आत्या दुकानात बसून काचेच्या बांगड्या मापानुसार दोऱ्यात ओवत होती. ओठ सुकले होते. माझ्याकडं न बघता म्हणाली, "हातपाय धू. मग खरा उतारा आण."

कानापर्यंत लाल होणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. तरी मी कसंबसं म्हटलं, "खराच होता की."

"न्हाई. खोटा होता."

"तुला इंग्रजी येत नाही, तुला कशावरून कळलं?"

आत्यानं हातातला दोरा खाली ठेवला. "ऐंशी उतारे ऐकलं मी आजवर. देवमाशाचे ऐकलं, मुंगीचे ऐकलं, त्या चित्रकाराचं ऐकलं. एकातबी सगळे शहाणे न्हाईत. प्रत्येकात तो लिहिणारा कुणाशी तरी भांडतोय. कधी नाव घेतो, कधी घेत न्हाई. 'लोक असं म्हणतात' म्हणतो, मग हळूच त्यांची टोपी उडवतो. आणि तुझ्या हॉलंडात सगळे सुखी! भांडण न्हाई, तंटा न्हाई, जावाजावांत धुसफूस न्हाई. अरे, सगळं गोडगोडच असंल तर तो मरायला लिहायला कशाला बसंल? आणि परीक्षेवाले ते छापतील कशाला?"

दोन वर्षं मी गाइडं पालथी घालत होतो, आणि त्यातल्या एकानंही मला हे सांगितलं नव्हतं.

"मला फसवलंस म्हणून न्हाई बसले उपाशी," आत्या म्हणाली. आवाज एकदम मऊ झाला. "तू कळल्यासारखं दाखवलंस म्हणून बसले. ती खोड लई वाईट. आतनं पोखरती माणसाला. न्हाई कळलं तर न्हाई कळलं म्हण. विचार. विचारायला पैसं पडत न्हाईत."

मी हातपाय धुतले, गाइड आणलं आणि तो तत्त्वज्ञानाचा भयंकर उतारा घेऊन दुकानातच तिच्यासमोर बसलो. रेघा मारल्या नाहीत. फक्त शोधत गेलो, हा भांडतोय कुणाशी? तिसऱ्या परिच्छेदात सापडला. एका जुन्या पंडिताशी भांडत होता, वरून त्याला वाकून नमस्कार करत करत. मी उडी मारून आत्याला सांगितलं, तशी ती म्हणाली, "बघ! नमस्कार करतोय म्हंजे नक्कीच भांडण जुनं हाय." मग ती जेवायला बसली आणि मी तिला वाढलं. त्या दिवसापासून दहा प्रश्नांतले माझे तीन-चार बरोबर यायचे ते सात-आठ यायला लागले.

परीक्षा कार्तिकी एकादशीच्या आधीच्या रविवारी, पुण्यात. म्हणजे नेम अजून संपलेला नव्हता.

"आज तरी जेव," निघताना मी आत्याला म्हटलं. "शपथ आहे माझी."

"जेवते की. तू ये, पेपरातले उतारे सांग, मग जेवते."

"मला यायला संध्याकाळचे आठ वाजतील!"

"मग लक्षात ठेवून ये म्हंजे झालं. विसरलास तर उद्यापर्यंत थांबावं लागंल."

पेपरात चार उतारे होते. शेवटचा होता एका शहरातल्या संग्रहालयावर. लेखक तीन परिच्छेद संग्रहालयाचं कौतुक करत होता. इमारत काय, दालनं काय, व्यवस्था काय! मी जवळजवळ 'लेखकाला संग्रहालय आवडलं' ह्या उत्तरापुढं खूण केलीच होती. मग वाटलं, थांब. हात कुठं जातोय ह्याचा? पुन्हा बघितलं. ज्या गावातून त्या मूर्ती उचलून आणल्या, त्या गावाचं नाव गड्यानं तीनदा घेतलं होतं, काही कारण नसताना. मला इतका आनंद झाला की मी भर परीक्षेत हसलो आणि पर्यवेक्षकानं माझ्याकडं संशयानं बघितलं.

रात्री आठला घरी पोचलो. चपला काढायच्या आत आत्यानं पाट सरकवला. मी एकामागून एक चारही उतारे सांगितले. चौथ्याला आण्णा हिशेबाची वही मिटून आत येऊन बसले आणि शेवटी न राहवून म्हणाले, "मग मूर्त्या परत द्यायच्या का न्हाई? काय ठरलं?"

"ते न सांगताच उतारा संपला, आण्णा."

"ह्यॅ! अर्ध्यात सोडतात लेकाचे," आण्णा म्हणाले. आई हसून हसून खाली बसली. एकशे चव्वेचाळीस दिवस झाले होते, आणि घर पार बिघडलं होतं.

एकादशीनंतर द्वादशीला नेमाचं उद्यापन. आता चातुर्मासात जे सोडलं ते शेवटी दान द्यायचं, अशी रीत. वांगं सोडलं तर वांगी द्यायची, दूध सोडलं तर दूध. गुरुजी पेचात पडले. "यमुनाबाई, तुम्ही काही सोडलं नाहीत, तुम्ही ऐकलंत. ह्याचं दान काय सांगू? ह्याला शास्त्र नाही."

"शास्त्र कशाला? उतारा ऐकला, तर उतारा द्यायचा," आत्या म्हणाली. "शिऱ्या, बस समोर. आज मी सांगते."

मी बसलो. आत्यानं पदर सारखा केला आणि आवाजसुद्धा माझ्यासारखा काढला.

"एक पोरगी होती. सातवी पास. शाळेतल्या मास्तरांनी तिचा अर्ज मिशनच्या दवाखान्यात पाठवला, नर्सचं शिकायला. मग मे महिन्यात मास्तर सुट्टीला त्यांच्या गावी गेले कोकणात. इकडं एक दिवस पाकीट आलं. जाड कागद, वर लाल शिक्का, आत इंग्रजी. घरात कुणाला वाचता येईना. पोरीचा बाप भाबडा. म्हणाला, एवढा शिक्का हाय म्हंजे कागद शुभ हाय, मास्तर आले की वाचू. त्यानं पाकीट देवघरात ठेवलं. हळदकुंकू वाहिलं. रोज सकाळी त्याला फूल."

"फूल मी आणायचो," आण्णा एकदम म्हणाले. "तगरीचं. मी आठ वर्षांचा होतो."

"गप. उताऱ्यात मधी बोलायचं नसतं," आत्या म्हणाली. "तर पोरगीबी रोज पाकिटाला हात जोडायची. अठरा दिवस. मास्तर आले, त्यांनी फोडलं. लिहिलं होतं, पंधरा तारखेला हजर राहा. त्या दिवशी होती वीस. झालं. संपला उतारा."

आई पदराशी चाळा करत होती. गुरुजी खाली बघत होते. आत्या मात्र मजेत होती. तिनं बोटं पुढं धरली.

"आता प्रश्न. पोरीचं भांडण कुणाशी? एक, बापाशी. दोन, मास्तराशी. तीन, देवाशी. चार, ह्यातल्या कुणाशीच न्हाई. सांग."

"एक," मी म्हटलं.

"चूक."

"तीन?"

"परीक्षेत दोनदा उत्तर देतात व्हय रं? आणि हात कुठं जातो ते न बघता?" ती उठली. "चला, पानं वाढा. आज मी सगळ्यांच्या आधी जेवणार."

उत्तर तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

पुढं कारखान्याचा हंगाम सुरू झाला. पाळ्या लागल्या, म्हणून मी तिथल्याच खोलीत राहायला गेलो, घरी फक्त रविवारी. जानेवारीचा दुसरा आठवडा आला. पुण्यातल्या दोन मित्रांना मुलाखतीची पत्रं येऊन गेल्याचं कळलं. माझं काही नाही. एक रविवार कोरडा गेला. सोमवारी कार्यालयातून करार माझ्या टेबलावर आला. पाच वर्षं, कायम नोकरी, सही गुरुवार संध्याकाळपर्यंत. मी कागद दोन दिवस नुसता बघत बसलो. सगळ्यांत वाईट मला आत्याचं वाटत होतं. पाच महिने बाई माझ्यासाठी उपाशीतापाशी बसली, आणि मी तिला काय दिलं? देवमासे!

गुरुवारी दुपारी फाटकावरून पहारेकऱ्याचा निरोप आला, "रासनेसाहेब, तुमच्याकडची एक बाई आलीय. आत या म्हटलं तर येत न्हाई. म्हणती, त्यालाच बोलव."

करार बिनसहीचाच टेबलावर टाकून मी धावतच गेलो. काही बरंवाईट झालं की काय, दुसरं काय येणार मनात! फाटकाबाहेर उसाच्या बैलगाड्यांची रांग, आणि त्या रांगेशेजारी आत्या उभी. एकटी. जी बाई आण्णा सोबत असल्याशिवाय तासगावला जायची नाही, ती. एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात लांबट पाकीट. पाकिटावर हळदकुंकवाची बोटं.

"तुझं पत्र फोडलंय मी. रागवायचं नसंल तर इकडं ये."

"अगं, काय झालं?"

"मी तीन दिवस नणंदेकडं गेलेली. आज सकाळी आले, देवाला हात जोडायला गेले, तर देवघरात हे. वर तगरीचं फूल!" आत्याचा आवाज कापला, पण रागानं. "सोमवारपासनं ठेवलंय तुझ्या आईनं. शिक्का भारी हाय, शिरीष रविवारी येईल तेव्हा त्याच्या हातनं फोडू, म्हणाले दोघं. मी म्हटलं, आधी वाचा, मग पुजा! घेतलं आणि निघाले. स्टँडवरच्या कंट्रोलरला विचारलं, त्याला अर्धंच कळलं. मग गाडीत एक कॉलेजची पोरगी होती तिला विचारलं. तिनं सांगितलं मुंबईला बोलावलंय. तारीख पक्की करायला कंडक्टरला विचारलं. इथं उतरल्यावर त्या रसवंतीवाल्याला परत विचारलं."

"चौघांना विचारलंस?"

"पाच. तुझ्या पहारेकऱ्यालाबी. त्याला येत न्हाई."

पहारेकरी ओशाळून हसला. मी पाकीट हातात घेतलं. आणि त्या हळदकुंकवाच्या बोटांकडं बघताना मला उत्तर सापडलं. दोन महिने उशिरा का होईना.

"आत्या," मी म्हटलं. "चार. कुणाशीच नाही. पोरीचं भांडण स्वतःशी."

आत्यानं माझ्याकडं बघितलं. डोळे भरले तिचे, आणि ते तिनं लपवले नाहीत.

"पोस्टमास्तर चार घरं सोडून राहायचा," ती म्हणाली. "त्याला इंग्रजी यायचं. मी रोज त्याच्या दारावरनं पाण्याला जायची रं, रोज. अठरा दिवस. नुसतं 'काका, हे वाचता का' म्हणायचं होतं. लाज वाटली. वाटलं, हसतील. बापाला, देवाला कशाला बोल लावू? माझंच तोंड उघडलं न्हाई."

मी तिचा हात धरला. म्हटलं, "आज पाचदा उघडलंस की."

"व्हय की," ती पदरानं नाक पुसत हसली. "आणि कुणी हसलंबी न्हाई. त्या पोरीनं तर मला खिडकीजवळची जागा दिली." मग एकदम तिनं पदर खोचला. "बरं, आता तू वाच. पहिल्यापासनं. त्या लोकांचं मी ऐकलंय, पण तू सांगितल्याशिवाय मला पुरतं कळत न्हाई."

मग मी कारखान्याच्या फाटकात उभा राहून ते पत्र मोठ्यानं इंग्रजीतून वाचलं. बैलगाड्यांवरची माणसं बघत होती. वाचून झाल्यावर मी तिच्या प्रश्नाची वाट बघितली.

"काय म्हणतोय तो?"

"ये म्हणतोय, आत्या. शनिवारी सकाळी दहाला. मुंबईला."

"आज काय वार?"

"गुरुवार."

"मग अजून वेळ हाय," आत्या म्हणाली. तिनं पिशवीतून डबा काढला आणि तिथंच लिंबाच्या सावलीत बसली. "ये, बस. भाकरी हाय, शेंगदाण्याची चटणी हाय. सकाळपासनं पोटात काही न्हाई."

"अगं, पण नेम तर कधीच संपला!"

"तू बस की गप," ती म्हणाली आणि भाकरी मोडून निम्मी माझ्या हातात दिली.